काही न घडल्याचा संदेश

"कोण आहे?" दाराआडून आवाज आला.

"आत्या, मी."

"मी म्हणजे कोण?"

दारात उभी होती ती घरातली धाकटी लेक, जिला सगळे फौजदार म्हणतात. अंगावर वर्दी नाही, हातात काठी नाही. पोलिसांच्या माहिती कक्षात बसून ती रोज सकाळी लोकांच्या मोबाईलवर जाणारे संदेश लिहिते, एवढाच तिचा नि फौजदारकीचा संबंध. पण टोपणनाव एकदा चिकटलं की चिकटलं. आता मात्र बिचारी दारातच थिजली. आई गेल्यावर ज्या बाईनं तिला वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, गोवरात तिच्या उशाशी बसून राहिली, ती बाई दाराआडून विचारत होती, मी म्हणजे कोण.

"मी म्हणजे फौजदार! उघड की आता."

मग साखळी वाजली. कडी सरकली. एक किल्ली फिरली, दुसरी अडली, कोणीतरी आतून "उलटी फिरव, उलटी" म्हणालं, तिसरी फिरली. दार उघडायला एवढा वेळ लागला की खरा चोर असता तर कंटाळून शेजारी गेला असता.

हे दार पूर्वी दिवसभर सताड उघडं असायचं. आत्याचा धंदा पुस्तकबांधणीचा. पुढची खोली हेच तिचं दुकान, हाच कारखाना, नि खरं सांगायचं तर हीच गल्लीची बैठक. लोक फाटकी पुस्तकं घेऊन यायचे, विद्यार्थी प्रबंध घेऊन यायचे, आणि ज्यांच्याकडे बांधायला काहीच नसायचं ते नुसते बसायला यायचे. खोलीत अजूनही खळीचा वास होता, भिंतीला पुठ्ठे टेकवलेले होते, नि कोपऱ्यात ते लोखंडी दाबाचं यंत्र उभं होतं. शिवून, खळ लावून झालेली पुस्तकं त्याच्या दोन पट्ट्यांमध्ये घालायची, वरचं चाक फिरवून आवळायची, की सकाळी बाहेर काढल्यावर पुस्तक कसं ताठ. आज त्या यंत्रावर चादर टाकलेली होती. फौजदारनं चादरीचं टोक उचलून बघितलं नि परत सोडलं.

"आलीस? बैस," आत्या म्हणाली नि पुन्हा साऱ्या किल्ल्या उलट्या क्रमानं फिरवू लागली.

घरातली सगळी मंडळी जमली होती. अण्णा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ नि फौजदारचे वडील, एकुलत्या एका खुर्चीत. दादा, फौजदारचा थोरला भाऊ, कुलपांचा दुकानदार, हातात मोबाईल धरून पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर. वहिनी जमिनीवर बसून बांधणीच्या कापडाचे तुकडे खोक्यात भरत होती.

"म्हणजे ठरलंच?" फौजदारनं विचारलं.

"ठरलं," दादा म्हणाला. "आत्या आमच्याकडे राहायला येतेय. यंत्र बघायला गावाच्या त्या टोकाचा एक बांधणीवाला येतोय चहाच्या वेळेला. पसंत पडलं तर घेऊन जाईल. फ्लॅटमध्ये ते धूड ठेवायचं कुठं? जमीन खचायची."

"आत्या, तू कबूल केलंस हे?"

आत्यानं मान हलवली. याच आत्यानं वाटणीच्या वेळी साऱ्या घराण्याला याच खोलीत सुनावलं होतं, मला न्यायचं असेल तर यंत्रासकट उचला, आणि आधी कंबर बांधून या. तेव्हा कोणाची टाप नव्हती पुढे बोलायची. आणि आज ती नुसती मान हलवत होती.

"पण का?"

दादा हसला. हसणं वाईट नव्हतं त्याचं. दादा मुळात वाईट नाहीच. लहानपणी बहिणीला मारणाऱ्या पोराला बोळात गाठून त्यानं रडवलं होतं, नि मग ते पोर फारच रडायला लागलं म्हणून त्याला गोळ्या घेऊन दिल्या होत्या. असला आहे तो. पण एकदा आपलं खरं वाटलं की त्याला थांबवता येत नाही.

"का ते तूच सांग," तो म्हणाला. "तुझ्याच हातचं आहे सगळं. ऐका हो. 'आपल्या भागातील एका दवाखान्यात अज्ञात चोरट्यांनी हात साफ केला. नागरिकांनी सतर्क राहावे.' हा एक. पुढचा. 'आपल्या भागात मागील खिडकीचे गज वाकवून चोरी. संशयिताचे चित्रीकरण हाती. अनोळखी व्यक्ती दिसल्यास तात्काळ कळवावे.' हे दोन. 'आपल्या भागातून अट्टल चोरटा जेरबंद.' तीन! आणि हा बघ, चौथा. 'आपल्या भागातील चोरीचा मुद्देमाल हस्तगत. दारे-खिडक्या भक्कम ठेवा.' एका महिन्यात चार, आणि तेही इथं, दोन गल्ल्या सोडून! आणि आत्या तळमजल्यावर, एकटी. मी काय हातावर हात ठेवून बसू?"

"चार?" फौजदार म्हणाली.

"मोज की. मोजता येतं ना?"

ती मोजत नव्हती. ती दादाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या लक्षात येत होतं की हा माणूस चेष्टा करत नाहीये. तिच्या कक्षाचा नियमच होता तसा. प्रत्येक संदेश स्वतंत्र वाचता आला पाहिजे, मागच्याचा उल्लेख नको, फिर्यादीची ओळख नको, वर भागाचं नाव नि खाली सावधगिरीची ओळ. तिनं तो नियम इतकी वर्षं इमानानं पाळला होता. आपल्याच घरातले लोक तो संदेश कसा वाचतात, हे मात्र तिनं कधी बघितलं नव्हतं.

"दादा, ही एकच चोरी आहे."

"काय?"

"एकच! झाली तेव्हा एक संदेश, तपास लागला तेव्हा दुसरा, पकडला तेव्हा तिसरा, वस्तू परत मिळाल्या तेव्हा चौथा. दातांच्या डॉक्टरांचा तो दवाखाना. एकदाच चोरी झाली."

वहिनीच्या हातातलं कापड हातातच राहिलं.

"आणि गज वाकवले ते?" अण्णांनी विचारलं.

"आधीपासूनच वाकलेले होते."

"आणि तो अट्टल चोरटा?"

फौजदारनं ओठ चावला. हे सांगायचं नव्हतं. पण आता घरच बुडायची वेळ आल्यावर नियम धरून बसणार कोण? "तो डॉक्टरांचा सख्खा मेहुणा आहे. भांडणात संगणक उचलून नेला. अट्टल हा शब्द आमच्या साहेबांनी घातला. हे बाहेर बोलायचं नाही हं कोणी."

वहिनीला एकदम हसू फुटलं. "अगंबाई! मेहुणा! आणि इथं आम्ही टोळी टोळी म्हणून..."

"हसायला काय झालं?" दादा म्हणाला.

वहिनी दवाखान्यात हाडांचे फोटो काढते. माणूस आतून कसा आहे हे आपल्याला नवऱ्याआधी कळतं असं तिचं म्हणणं असतं, नि बहुतेक वेळा ते खरं निघतं. आजवर ती या बाबतीत नवऱ्याच्या बाजूला होती. सासूच्या जागी असलेल्या बाईची काळजी तिलाही होतीच. पण आता तिनं कापड खोक्यात टाकलं नि दादाकडे रोखून बघितलं.

"मला एक सांगा. हे संदेश घरच्या ग्रुपवर कोण टाकतं?"

"मी. काळजी वाटते म्हणून."

"आणि दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत कोण लिहितं? 'पोलिसांचा इशारा, आजच कुलूप बदला'?"

"त्यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही हो. पण एक मेहुणा नि अर्ध्या गावाची कुलपं! सुतावरून स्वर्ग गाठलात की तुम्ही."

"म्हणजे मी आत्याला घाबरवलं, असं म्हणायचंय तुला?"

"मी काहीच म्हणत नाही. चोराच्या मनात चांदणं."

दादाचा चेहरा पडला. त्याला खरोखरच काही कळेना. गिऱ्हाईक वाढलं याचा आनंद त्याला झाला होता, हे तो नाकारत नव्हता. पण त्यानं आत्याच्या दाराला तीन कुलपं बसवली ती त्या आनंदात नव्हे. त्या दिवशी बाजारातून परत येताना आत्या त्याला म्हणाली होती, "अरे, पाठीमागून कोणी चालत आलं की मी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देते हल्ली." त्या रात्री त्याला झोप लागली नव्हती. सकाळी दुकान उघडायच्या आधी तो सगळ्यात चांगली कुलपं घेऊन इथं आला होता. पण हे त्याला बोलून दाखवता येईना. त्यानं मोबाईल खिशात घातला.

"अण्णा, तुम्ही तरी बोला," फौजदार वडिलांकडे वळली. "तुम्हाला पण खरं वाटलं?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खरं सांगायचं तर अण्णांना त्या चोऱ्यांविषयी फारसं काही वाटलं नव्हतं. सारा जन्म बस चालवलेला माणूस. रस्त्यावरची माणसं त्यांनी आरशात बघितलेली, पुढून नि मागून. ती एका महिन्यात बदलत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण फ्लॅटमध्ये सकाळी मुलगा दुकानात जायचा, सून दवाखान्यात, आणि अण्णा उरायचे. दुपारी बोलायला कोणी नाही. चहा करायचा तर एकट्यापुरता. दादानं पहिल्यांदा आत्याला आणायचा विषय काढला तेव्हा अण्णांनी मनातल्या मनात त्या अट्टल चोरट्याचे आभार मानले होते.

"मला वाटलं," ते म्हणाले, "ताई आली तर बरं होईल."

"सुरक्षित होईल म्हणून?"

"नाही गं." अण्णांचा आवाज लहान पोरासारखा झाला. "नुसतंच बरं होईल. मला."

आत्या इतका वेळ टेबलाशी पाठमोरी उभी होती. राहिलेलं शेवटचं पुस्तक शिवणं चाललं होतं. सुई आत, दोरा ओढ, सुई बाहेर. ती वळली.

"वेड्या," ती भावाला म्हणाली, "मग यायचंस ना इथं. खळ ढवळायला मला हात लागतोच."

"बघ, आत्या!" फौजदारला हुरूप आला. "एकच चोरी, तीही घरातली. आता जायचं कारणच उरलं नाही. त्या माणसाला फोन करून सांग, येऊ नका."

आत्यानं दोरा दातानं तोडला. तिला ही पोर फार आवडायची, हे साऱ्या घराला माहीत होतं. म्हणून पुढचं बोलणं तिला जड गेलं.

"चोर एक असेल गं. पण दारं सगळ्यांनी लावली त्याचं काय? समोरची आता माझ्याशी खिडकीतून बोलते. गजाआडून! मी तुरुंगात भेटायला गेल्यासारखी. बसायला कोणी येत नाही. पुस्तक घेऊन कोणी आलं तर मीच विचारते, कोण, कुठून आलात, कोणी पाठवलं. परवा एक बाई आजोबांची वही बांधायला घेऊन आल्या, तर माझे प्रश्न ऐकूनच परत गेल्या. मला माझीच लाज वाटली. अशा घरात राहून करायचं काय?"

"पण तू कशाला मनावर घेतलंस? पोलिसांचे संदेश कोण वाचतं नीट? लोक बघतात नि पुढे सरकवतात."

"मी वाचते."

"का पण?"

"तू लिहिलेलं असतं म्हणून."

आत्यानं हे इतकं साधेपणानं सांगितलं की फौजदारला ते पोचायला थोडा वेळ लागला.

"तू येतेस कधी? सणासुदीला नाही तर कोणी आजारी पडलं तर. तुझी नोकरी आहे, मला कळतं. पण रोज सकाळी तुझा निरोप येतो. मी चष्मा लावून बसते नि शब्दन् शब्द वाचते. आमच्या पोरीनं लिहिलंय म्हणून खळ विकायला येणाऱ्या बाईलाही वाचून दाखवते. आणि तू त्यात रोज लिहितेस, सतर्क राहा, दारं लावा. मग मी लावली. तू सांगितलंस नि मी ऐकलं नाही, असं कधी झालंय का?"

फौजदारचे डोळे भरून आले. ती ओळ तिनं कधी विचार करून लिहिलीच नव्हती. ती आपोआप खाली चिकटायची. ती वाचून कोणी उठून खरोखर दार लावत असेल, आणि ती कोणी म्हणजे आत्या असेल! ती उठली नि आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. आत्यानं खळीचे हात लागू नयेत म्हणून कोपरांनीच तिला जवळ घेतलं.

तेवढ्यात फौजदारचा मोबाईल वाजला.

"साहेब," ती नाक पुसत म्हणाली नि फोन कानाला लावला. "हो साहेब... सुट्टी असली तरी बोला... कुठं?" तिचा चेहरा बदलला. "कुठली गल्ली म्हणालात?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. बाहेर गल्लीत गलका ऐकू येत होता. आपल्याच बोलण्याच्या नादात इतका वेळ कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"हो साहेब. लिहिते. करते फोन." तिनं मोबाईल खाली घेतला. "इथं, आपल्या गल्लीत एक संशयित पकडलाय. समोरच्या काकूंनीच कळवलं. दारांची मापं घेत फिरत होता म्हणे. मापाची फीत सापडली त्याच्याकडे. साहेब म्हणतात, लगेच टाका, 'दारांची मापे घेणारी टोळी सक्रिय'."

"बघ!" दादा ताडकन उठला. "मी म्हणत नव्हतो?"

"टोळी?" वहिनी म्हणाली. "किती जण आहेत?"

"एक."

"एकाची टोळी? आणि दारांची मापं कशाला घेईल हो कोणी?" वहिनीनं कोपऱ्यातल्या चादर टाकलेल्या धुडाकडे बघितलं, मग दाराकडे. "आत्या, तुमचा तो बांधणीवाला कधी येणार होता?"

आत्याच्या तोंडातून "अगं आई गं!" एवढंच निघालं.

यंत्र घ्यायचं म्हणजे ते दारातून बाहेर निघेल की नाही हे आधी बघायला नको का? शहाणा माणूस दाराचं माप घेतो. पण दार बंद, आत कोणीतरी रडतंय, मग तो भला माणूस बाहेरूनच फीत लावून बघत बसला असणार. आणि समोरच्या काकूंनी, अनोळखी व्यक्ती दिसल्यास तात्काळ कळवावे, हे तात्काळ अमलात आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

"दार उघड!" आत्या ओरडली.

दादानं किल्ल्या फिरवल्या. पहिली फिरली. दुसरी अडली. "उलटी फिरव!" सगळे एकदम म्हणाले. दादा घामाघूम झाला. आपल्याच दुकानातलं उत्तम कुलूप आपल्यालाच उघडेना. "सरक बाजूला," म्हणत आत्यानं त्याला ढकललं, खळीच्या हातानंच किल्ली फिरवली, कडी काढली, साखळी काढली आणि गेल्या महिनाभरात पहिल्यांदा ते दार धाडकन सताड उघडलं.

बाहेर अर्धी गल्ली जमलेली. मधोमध एक किरकोळ, पिकल्या मिशांचा गृहस्थ, दोन्ही हात वर, एका हातात मापाची फीत लोंबतेय. समोरच्या काकू त्याच्यावर केरसुणी रोखून उभ्या.

"अहो, सोडा त्यांना!" आत्या गर्दीत घुसली. "माझे पाहुणे आहेत ते! मी बोलावलंय!"

"तुमचे?" काकूंनी केरसुणी खाली घेतली. "मग सांगायचं नाही का? मी पोलिसांना कळवून बसले."

"सांगणार कशी? तुम्ही खिडकी लावलेली, मी दार लावलेलं!"

गृहस्थांनी हात सावकाश खाली घेतले. "बाई," ते आत्याला म्हणाले, "यंत्र फार चांगलं असणार, इतका पहारा आहे म्हणजे."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. पण मग सगळेच हसले, काकू तर केरसुणीवर डोकं टेकवून. पाणी आणलं गेलं, खुर्ची आली. कोणी त्यांची टोपी झटकून दिली. दादानं आपणहून त्यांची माफी मागितली नि कुलूप भेट द्यायची भाषा केली; ते म्हणाले, भीक नको पण कुत्रं आवर. ज्या लोकांनी कित्येक दिवसांत एकमेकांना धड बघितलं नव्हतं ते रस्त्यात उभे राहून, तुमचा गुडघा कसा आहे, तुमची सून आली का परत, असं विचारू लागले.

फौजदार उंबऱ्यात मोबाईल घेऊन उभी होती. साहेबांना तिनं फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

"बरं मग सोडून द्या," साहेब म्हणाले. "टाकू नका संदेश. विषय संपला."

"साहेब, पण गल्लीभर बोंब झालीय. पुढच्या गल्लीत आत्तापर्यंत टोळी पोचली असेल. काही घडलं नाही, एवढं तरी कळवू या."

"काही घडलं नाही याचा संदेश कुठं असतो? कोणी ऐकलंय का? लोक हसतील आपल्याला. उद्या म्हणतील, मग पोलीस करतात काय?"

फोन बंद झाला. फौजदारनं समोर बघितलं. आत्या काकूंचा हात धरून काहीतरी सांगत होती, नि बोलता बोलता सवयीनं मागे वळून कोण उभं आहे ते बघत होती. तिचं ते वळून बघणं फौजदारला सोसेना. नोकरीत आजवर तिनं साहेबांचा एक शब्द मोडला नव्हता. तिनं लिहायला घेतलं. वरची ओळ नेहमीची, आपल्या भागात. पुढे तिनं लिहिलं, "आज दुपारी एक गृहस्थ दाराचे माप घेताना दिसले. ते यंत्र विकत घेण्यासाठी आले होते. गैरसमज झाला, त्यांची माफी मागितली आहे. महिनाभरात आलेले चोरीचे चारही संदेश एकाच घटनेचे होते. त्या घटनेचा तपास पूर्ण झाला आहे. याशिवाय या भागात काहीही घडलेले नाही." खाली सावधगिरीची ओळ आपोआप आली. तिनं ती खोडली. आणि पाठवून दिला.

क्षणात गल्लीभर मोबाईल वाजले. हशा बंद झाला, लोकांचे चेहरे आवळले. या आवाजाची सगळ्यांना सवय झाली होती. काकूंचा हात पुन्हा केरसुणीकडे गेला. मग एकेकजण वाचू लागला.

"एकच होती?" कोणीतरी म्हणालं. "चारी मिळून?"

"आणि मी माळ्यावर झोपायला लागलो होतो," दुसरं कोणी म्हणालं.

आत्याचा चष्मा आत राहिला होता. "काय लिहिलंयस? वाच," ती म्हणाली. फौजदारनं वाचून दाखवलं, शेवटपर्यंत. आत्यानं नीट ऐकून घेतलं.

"मग बाई," बांधणीवाले गृहस्थ फीत गुंडाळत म्हणाले, "यंत्र बघू या का? का नको?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं फौजदारकडे.

"तू सांग," ती म्हणाली. "मला काही होणार नाही ना इथं?"

फौजदारला हो म्हणावंसं वाटलं. पण ज्या बाईनं तिचा प्रत्येक शब्द खरा मानला तिला आता खोटं सांगायची तिची छाती होईना. "ते मला सांगता येत नाही, आत्या. कोणालाच येत नाही. पण मी तुझ्या जागी असते ना, तर राहिले असते. आणि दार उघडं ठेवलं असतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे आधी नसतं का लिहिता आलं?" आत्या म्हणाली नि गृहस्थांकडे वळली. "माफ करा हं. यंत्र नाही द्यायचं. पण आत या, दाखवते तरी कसं आहे ते. अण्णा, चहा टाक. तुला यायचंय ना रोज? मग आजपासूनच लाग कामाला."

अण्णा इतक्या चपळाईनं आत गेले की वहिनी बघतच राहिली. दादानं खिशातून पेचकस काढला नि दाराची वरची दोन कुलपं उतरवायला घेतली.

फौजदारचा मोबाईल पुन्हा वाजू लागला. साहेब. ती पांढरी पडली. "सोमवारी मेमो मिळणार बघ मला," ती पुटपुटली. "कदाचित बदलीही." तरी तिनं फोन उचलला. "हो साहेब. नाही साहेब, चुकून नाही. मीच पाठवला... विचारलं नाही, खरं आहे..."

तिचा आवाज कापतोय हे आत्यानं ऐकलं. तिनं पदराला हात पुसले, पुढे होऊन मोबाईल सरळ काढून घेतला नि कानाला लावला, उलटा. फौजदारनं तो सुलटा करून दिला.

"हॅलो, साहेब?"

"कोण बोलतंय?" पलीकडचा आवाज तडकला.

"तुम्ही रोज ज्यांना सतर्क राहायला सांगता ना, त्यातली एक. तुमचे सगळे संदेश वाचलेत मी, एकही सोडला नाही. आजवर प्रत्येक वाचून दार लावलं." आत्या उंबऱ्यात उभी होती, तिच्या मागे अण्णा कप शोधत होते नि पुढे गल्लीतली माणसं अजून बोलत उभी होती. "आज पहिल्यांदा एक ऐकून उघडं ठेवलंय. म्हटलं, तुम्हाला कळवावं."

आत्यानं मोबाईल पोरीच्या हातात परत दिला.

"बोल आता त्यांच्याशी," ती म्हणाली, "आणि झालं की आत ये."